घटाकाशांतील वीज

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक साधी गोष्ट घडली, परंतु तिनें आम्हांस उतारवयांत पुन्हां विद्यार्थी होण्यास लावलें. आमच्या मोठ्या वहिनी किरणोपचार घेऊन एका शनिवारीं नगरला घरीं आल्या. हातपाय धुऊन त्या स्वयंपाकघरांत गेल्या आणि फळीवरून आपलें ताट, वाटी व भांडें काढून त्यांनीं तीं कोपऱ्यांत वेगळीं मांडून ठेविलीं. इतक्यांत त्यांचा तीन वर्षांचा नातू नेहमींप्रमाणें धांवत येऊन त्यांना बिलगूं लागला. त्या दोन पावलें मागें सरून म्हणाल्या, "बाळा, मला शिवूं नकोस हं. माझ्या अंगांत लाईट आहे."

आमच्या घरचें सोवळें-ओवळें बहुतेक आमच्या वडिलांबरोबरच गेलें. तें जातांना ज्या सुनेनें सर्वांत अधिक समाधान मानलें, तीच आज आपल्याभोंवतीं नवें सोवळें आंखून बसली, हें पाहून आमचें मन फार विषण्ण झालें. वहिनींच्या छातींत गांठ झाली होती. ती त्यांनीं सात महिने कोणाला सांगितली नाहीं. "घरांत लग्नकार्य होतें, कशाला विघ्न," हें त्यांचें कारण. शेवटीं मुलीच्या लक्षांत आलें, शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत रोज थोडा थोडा, असा पंचवीस दिवसांचा किरणोपचार ठरला. आपल्याकडे त्याला कोणी 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट देणें' म्हणतात. नांवांतच घोटाळा आहे. शेकानें भाजतें, आणि दिव्याचा उजेड जसा खोलींत भरून राहतो तसा हा अंगांत भरून राहत असेल, असें रोग्यास वाटतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर वहिनींनीं आम्हांसच विचारलें, "भाऊजी, तुम्ही जन्मभर पोरांना शिकवलंत. मग सांगा बघूं, त्या यंत्रांत असतं तरी काय? आणि तें माझ्या अंगांत किती दिवस राहणार?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं शिकविलें तें संस्कृत. विज्ञानाशीं आमचा परिचय मॅट्रिकपुरता. परंतु आमचा एक पुतण्या इंजिनियर आहे. त्याला प्रश्न विचारून, चार पुस्तकें चाळून, आणि पुढें रुग्णालयांत वहिनींबरोबर जाऊन बसल्यावर तेथील तंत्रज्ञांस शंका विचारून जें समजलें, तें आमच्यासारख्याच कुटुंबांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

मूळ गोष्ट अशी. १८९५ सालीं राँटजेननें क्ष-किरण शोधून काढले. विजेचे सूक्ष्म कण, ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, ते वेगानें धातूवर आदळले म्हणजे हे किरण निघतात. हाताचें हाड मोडलें असतां जो फोटो काढतात, त्याला ५०–१०० हजार व्होल्टांची ढकल पुरते. परंतु शरीरांत खोल दडलेल्या रोगपेशींपर्यंत पुरेसे किरण पोंचवून वरच्या कातडीस शक्य तितकें वांचवावयाचें असेल, तर व्होल्टांची संख्या लाखोंच्या घरांत न्यावी लागते. वहिनींच्या यंत्राची शक्ति ६० लाख व्होल्टांइतकी होती. आतां इतका दाब एकदम दोन तारांमध्यें उभा करूं म्हटलें तर हवेंतून ठिणग्या उडून सारें जळून जाईल; तो आवरावयास घराएवढी टाकी लागेल. मग हें यंत्र एका खोलींत मावतें कसें?

याचें उत्तर आपल्या माजघरांतल्या झोपाळ्यांत आहे. लहान मूल मोठ्या माणसास झोपाळ्यावर उंच नेऊं शकतें, तें एका दणक्यानें नव्हे. झोका परत आला कीं बेताची एक ढकल, पुन्हां आला कीं पुन्हां एक, अशा वेळ साधून दिलेल्या लहान ढकलींनीं. १९२४ सालीं स्वीडनमधील इझिंग या शास्त्रज्ञानें विजेच्या कणांनाही असेंच वागवावें अशी कल्पना मांडली, आणि १९२८ सालीं जर्मनींतील आखेन येथें व्हिडेरो नांवाच्या तरुणानें ती करून दाखविली. त्यानें २५ हजार व्होल्टांची ढकल एकाच कणास दोनदां देऊन ५० हजारांचें काम घेतलें. आज जगांत जे प्रचंड कणत्वरक आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचें बीज या दोन ढकलींत आहे.

आतां ही ढकल देणारी वस्तु पाहूं. वेदान्त वाचलेल्यांना 'घटाकाश' हा शब्द परिचित आहे. घागरीनें वेढलेलें आकाश तें घटाकाश. घागर फुटली कीं तें महाकाशांत मिळतें. आचार्यांना या दृष्टांतांत घागरीचें महत्त्व नाहीं. यंत्रज्ञाला मात्र सारें महत्त्व घागरीचेंच आहे. नळाखालीं घागर लावली कीं पाणी चढत जातें तसा तिचा आवाज बदलत जातो, आणि दुसऱ्या खोलींतली गृहिणीही "भरली ग" म्हणून सांगूं शकते. कारण आंतल्या पोकळीचा जसा आकार, तसा तिचा ठराविक सूर. त्या सुराला ती साद देते, इतरांना देत नाहीं. याचें नांव अनुनाद. तांब्याच्या बंद पोकळींत हवेच्या लहरींऐवजीं रेडिओच्या लहरी सोडल्या, तर तेथेंही हाच प्रकार घडतो. पोकळीचा जो सूर असेल त्याच कंपनसंख्येच्या लहरी आंत घुमूं लागतात, एकीवर एक चढत जातात, आणि थोडक्या शक्तींतून पोकळीच्या मध्यावर लाखो व्होल्टांइतकी ढकल उभी राहते. अशा पोकळ्या, मध्यें एक बारीक आरपार भोंक ठेवून, एकीस एक जोडल्या कीं कणत्वरकाची नळी झाली.

वहिनींच्या यंत्रासारख्या यंत्रांत ही नळी हातभरही लांब नसते. ती सुमारे ३० सेंटिमीटर भरते. तिच्यांत घुमणाऱ्या लहरी सेकंदास जवळजवळ ३०० कोटि वेळां कंप पावतात व त्यांची लांबी सुमारे १० सेंटिमीटर असते. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन आंत शिरतात. एका पोकळींतून ते पुढच्या पोकळींत पोंचेपर्यंत तेथील विजेची दिशा उलटून नेमकी त्यांना अनुकूल झालेली असते. म्हणून प्रत्येक पोकळींत त्यांना पुढेंच ढकल मिळते. जे कण अवेळीं येतात ते मागें रेटले जातात किंवा वाटेंत गळतात. नळीच्या शेवटीं पोंचलेल्या कणांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहूनही अधिक झालेला असतो.

या पोकळ्यांचें सारें मोल अचूकपणांत आहे. केसाची जाडी सुद्धां जेथें फार म्हणावी, अशा बारीक मापानें त्या कातल्या जातात, निर्वात भट्टींत एकमेकींस डाक देऊन जोडल्या जातात, आणि आंतील हवा काढून घेऊन सीलबंद केल्या जातात. उन्हाळ्यांत तांबें फुगतें हें आपण जाणतों. तपमान एका अंशानें वाढलें, तर या पोकळीचा सूर ३०० कोटींत सुमारे ५० हजारांनीं उतरतो. ऐकावयास हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु चार-सहा अंशांत लहरींचा व पोकळीचा मेळ तुटतो आणि झोक्याला अवेळीं ढकल बसूं लागते. म्हणून नळीभोंवतीं ठराविक उष्णतेचें पाणी अखंड खेळतें ठेवावें लागतें. वहिनींच्या खोलीबाहेर पाण्याचा जो घर्र आवाज येई, तो याचाच.

आतां या लहरी येतात कोठून? येथें मॅग्नेट्रॉन नांवाची वस्तु पुढें येते, आणि ती आपल्यांतील पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत आहे! मायक्रोवेव्ह भट्टींत अन्न तापविणारी शक्ति हिचीच. तांब्याच्या जाड ठोकळ्यांत मध्यें एक मोठें भोंक, त्यांत तापलेला दांडा, आणि सभोंवतीं लहान पोकळ्यांचें कडें, अशी तिची रचना आहे. दांड्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन जबर लोहचुंबकामुळें सरळ न जातां गरगर फिरतात, आणि फिरतां फिरतां प्रत्येक पोकळीच्या तोंडावरून जातात. बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली असतां ती जशी वाजते, तशा त्या पोकळ्या विजेच्या फुंकरीनें 'वाजूं' लागतात. १९४० सालच्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत रँडल व बूट या दोघांनीं अशी सहा पोकळ्यांची नळी प्रथम चालविली. महायुद्धाचे दिवस होते. त्याच वर्षीं ती अमेरिकेस धाडण्यांत आली, आणि शत्रूचीं विमानें व पाणबुड्या टिपणाऱ्या रडारचा ती प्राण झाली. युद्ध संपल्यावर तीच विद्या रुग्णालयांत आली. १९५३ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत अशा यंत्रानें पहिला रोगी उपचारिला गेला. संहारासाठीं घडलेली वस्तु आरोग्याच्या कामीं लागल्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

घरच्या भट्टीचा मॅग्नेट्रॉन हजार-एक वॅट देतो व तितके देत राहतो. रुग्णालयांतला २० ते ३० लाख वॅट देतो, परंतु एका वेळीं सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकीं केवळ तीन-चार भाग! असे ठोके सेकंदास दोन-तीनशें पडतात. सरासरी काढली तर न्हाणीघरांतल्या गीझरहून ती फार मोठी भरत नाहीं. ही शक्ति तारेनें नेत नाहींत. आयताकृति पोकळ धातूच्या नळींतून ती पन्हाळींतल्या पाण्यासारखी पोकळ्यांपर्यंत नेतात.

मॅग्नेट्रॉनला एक भाऊ आहे, त्याचें नांव क्लायस्ट्रॉन. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें व्हेरियन बंधूंनीं तो १९३७ सालीं बनविला. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जातांना नगरवरून जाते, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस त्याची युक्ति समजावयास वेळ लागणार नाहीं. सकाळीं वारकरी एकसारखे निघतात. पण कोणी झपझप चालतो, कोणी रेंगाळतो. मागचा वेगवान पुढच्या संथास गांठतो, आणि कांहीं कोसांवर सलग रांगेचे घोळके घोळके झालेले दिसतात. क्लायस्ट्रॉनमध्यें पहिली पोकळी इलेक्ट्रॉनांच्या सलग धारेंतील कांहींना किंचित् वेग देते, कांहींचा हिरावते. पुढें त्यांचे घोळके बनतात. आणि शेवटच्या पोकळीवरून ते ठोक्यांनीं जाऊं लागले कीं ती मोठ्यानें 'वाजते'. मॅग्नेट्रॉन स्वतःच गातो. क्लायस्ट्रॉनला बारीक सूर दिला तर तो तोच सूर सहस्रपट मोठा करून देतो. म्हणून मोठ्या कणत्वरकांत बहुधा दुसराच वापरीत आले.

इतकें कळल्यावर आम्हीं वहिनींस जवळ बसवून सांगितलें, "वहिनी, त्या नळींतून धांवत आलेली वीज शेवटीं टंगस्टनच्या पत्र्यावर आदळते, तेथून क्ष-किरण निघतात, ते तुमच्यावर पडतात. बटण बंद झालें कीं पोकळ्यांतला नाद विरला, वीज थांबली, किरण संपले. घंटा वाजायची थांबल्यावर देवळांत आवाज सांठून राहतो कां? तसे हे किरण अंगांत सांठत नाहींत. पोराला खुशाल मांडीवर घ्या." त्या कांहीं बोलल्या नाहींत, परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचें ताट फळीवर इतरांच्या ताटांत होतें.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. सर्वच किरणोपचार असे नसतात. कोबाल्टच्या जुन्या यंत्रांतही किरण बाहेरूनच येतात व रोग्याच्या अंगीं कांहीं उरत नाहीं. मात्र त्यांतील कोबाल्ट रात्रंदिवस किरण सोडीतच असतो, तो जाड शिशाच्या कवचांत कोंडावा लागतो, आणि त्याचें बळ सव्वापांच वर्षांत निम्में होतें. याच्या उलट कंठग्रंथीच्या रोगांत किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत देतात. तेथें मात्र कांहीं दिवस मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून दूर राहावें लागतें. तेव्हां शेजारणीचें ऐकून आपला नियम ठरवूं नये. आपला उपचार कोणत्या जातीचा हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

वहिनींचे नऊ दिवस झाले आणि दहाव्या दिवशीं यंत्र बंद पडलें. मॅग्नेट्रॉन संपला होता. त्याचा तापलेला दांडा कालांतरानें झिजतो, हें दिव्याच्या वातीप्रमाणें ठरलेलेंच आहे. परंतु नवा हाताशीं नव्हता. तो परदेशाहून यावयाचा, जकातींतून सुटावयाचा, मग बसावयाचा. अकरा दिवस गेले. असा खंड पडला कीं उरल्यासुरल्या रोगपेशींस पुन्हां डोकें वर काढावयास अवधि मिळतो, म्हणून डॉक्टर त्याला फार भितात. वहिनींचें वेळापत्रक पुन्हां आंखण्यांत आलें व पुढें सर्व सुरळीत पार पडलें. पण त्या अकरा रात्रीं आमच्या घरांत कोणास धड झोंप आली नाहीं. रुग्णालयाच्या ओसरीवर आमच्याबरोबर बसलेल्या खेड्यांतल्या माणसांना तर धर्मशाळेचे व जेवणाचे दिवस अंगावर पडले. त्यांतले दोघे कंटाळून गांवीं निघून गेले. ते परत आले कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. हाताएवढ्या एका तांब्याच्या वस्तूवर किती घरें टांगलेलीं असतात!

म्हणूनच ही विद्या आपल्या देशांत कितपत रुजली आहे, हें पाहण्याची आम्हांस उत्कंठा लागली. समाधान वाटावें असें कांहीं आढळलें. मुंबईंत पवईच्या आय. आय. टी.च्या आवारांत 'समीर' नांवाची सरकारी संस्था आहे. समीर म्हणजे वारा. परंतु येथें तीं संस्थेच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील सूक्ष्मलहरींच्या कामांतून निघून ती १९८४ सालीं स्वतंत्र झाली. रोग्यांसाठीं लागणारी ही त्वरकनळी तिनें देशांत घडविली. आरंभीं ४० लाख व्होल्टांचें यंत्र चंदीगडच्या रुग्णालयासाठीं झालें. पुढें ६० लाखांचें यंत्र वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेंत बसविण्यांत आलें. ज्या गांवीं चरख्याची दीक्षा दिली गेली, तेथें खेड्यांतल्या रोग्यांसाठीं स्वदेशी त्वरक फिरावा, हा योग सुंदर आहे. मॅग्नेट्रॉन व क्लायस्ट्रॉन यांवर राजस्थानांत पिलानीच्या संशोधनसंस्थेंत काम होत आलें आहे. मात्र प्रयोगशाळेंत एक नग घडविणें निराळें, आणि तालुक्याच्या डॉक्टराला हवा तेव्हां दुकानांतून मिळणें निराळें. हें अंतर तोडलें गेलें तरच वहिनींच्या अकरा दिवसांसारखे दिवस दुसऱ्यांच्या वांट्यास येणार नाहींत.

याच पोकळ्यांचे दुसरे उपयोगही आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. मुंबईस कुलाब्याला टाटा संस्थेंतील त्वरकांत तांब्याच्या पोकळ्यांना शिशाचा मुलामा दिलेला आहे, जशी आपण पातेल्याला आंतून कल्हई करतों. उणें २६९ अंशांच्या थंडींत शिसें विजेला जवळजवळ अडथळाच करीत नाहीं, म्हणून नाद फार काळ टिकतो. आणि इंदूरला राजा रामण्णा केंद्रांत 'इंडस–२' नांवाचें १७२ मीटर घेराचें वर्तुळाकार यंत्र आहे. त्यांत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची प्रकाशरूपानें गेलेली शक्ति पोकळ्या प्रत्येक फेरींत भरून देतात. तेथील मंडळींनीं आरंभींच्या परदेशी क्लायस्ट्रॉनांऐवजीं शेंकडों लहान ट्रॅन्झिस्टरांची शक्ति एकवटणारीं यंत्रें स्वतः घडवून बसविलीं. एखादा ट्रॅन्झिस्टर गेला तरी बाकीचे काम चालवितात. सारें यंत्र एकाच वातीवर अवलंबून राहत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस ही युक्ति निराळी समजावून सांगावयास नको.

इंदूरचें नांव निघालें कीं आम्हां नगरकरांना चौंडीची आठवण होतेच. जामखेड तालुक्यांतल्या त्या लहान गांवीं अहिल्याबाई जन्मल्या, आणि आतां सरकारदप्तरीं आमचा जिल्हाच त्यांच्या नांवानें अहिल्यानगर झाला आहे. त्यांनीं वाटसरूंसाठीं विहिरी व घाट बांधले, तेव्हां पाणी कोणत्या जातीच्या घागरींत जाईल हें पाहिलें नाहीं. आजच्या काळांत जिल्ह्याच्या ठिकाणीं एक चांगला त्वरक, आणि त्याच्या कपाटांत एक जादा मॅग्नेट्रॉन, ही तशीच विहीर होय. धनिकांनीं व धर्मादाय संस्थांनीं देणगी देतांना यंत्राच्या कोनशिलेबरोबर त्या जादा नगाचाही विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द. गांठ लागली तर ती लग्नकार्यासाठीं झांकून ठेवूं नका. कार्य पुढें ढकलतां येतें, रोग थांबत नाहीं. सासूनें सुनेला व सुनेनें सासूला हें सांगतां येईल इतका मोकळेपणा घरांत असूं द्या. आणि उपचार घेऊन आलेल्या माणसाला अशा वेळीं वेगळें ताट मांडूं नका, त्यानें स्वतः मांडलें तर तें हलक्या हातानें उचलून ठेवा.

वहिनी आतां दर सहा महिन्यांनीं तपासणीस जातात. मागल्या खेपेस आम्ही बरोबर होतों. ओसरीवर नव्यानें आलेली एक बाई आपल्या मुलाला दूर बसवीत होती. वहिनी उठून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अग, तें यंत्र म्हणजे तांब्याच्या घागरींची उतरंड आहे नुसती. बंद केली कीं संपलं. घे बघूं त्याला जवळ."